मुलाचं मन आजारी पडतं तेव्हा आईबापांनी कुणाशी बोलायचं? (आमचा रविवारचा गट, तुमचे अनुभव हवेत)

तगर
नमस्कार. इथे सात वर्षं वाचतेय, लिहिते क्वचित आणि तेही पाककृतींच्या धाग्यांवर. हे लिहायला तीन आठवडे लागले.

आम्ही नाशिकला असतो. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, आठवीत. गेल्या वर्षी गणपतीनंतर त्याचं हात धुणं वाढलं. आधी वाटलं बरंय, स्वच्छतेची सवय लागली. मग साबणाची वडी चार दिवसांत संपायला लागली, मग बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं आणि तरी तो नळ बंद करेना. त्याच्या मागोमाग प्रश्न सुरू झाले. आई गॅस बंद केलास ना, आई मी कुणाला काही वाईट बोललो नाही ना, आई माझ्यामुळे आजोबांना काही होणार नाही ना. मी "नाही रे बाळा" म्हणायची, तो पाच मिनिटं शांत, की परत तेच. एका रविवारी मी मोजलं, दुपारच्या जेवणापर्यंत ६४ वेळा. (इथली दोन वाक्यं धागाकर्तीच्या विनंतीवरून काढली आहेत. - संपादक)

दिवाळीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. शाळेतून आधी फोन यायचे, मग "जमत नसेल तर दाखला काढून न्या" असं सांगण्यात आलं. डॉक्टरांनी ओसीडी सांगितलं, म्हणजे नको ते विचार परत परत येतात आणि त्या भीतीपोटी तीच तीच कृती करावी लागते तो आजार. गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकदा थेरपिस्टकडे जातो. डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे आमच्यासाठी वीस मिनिटं असतात आणि घरी उरलेला सगळा आठवडा असतो. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली तू फार लाडावलंयस. मैत्रीण म्हणाली मोबाईल काढून घे. नवरा सुरुवातीला ओरडायचा, आता गप्प बसतो, आणि ते गप्प बसणं मला जास्त टोचतं.

मार्च महिन्यात ओपीडीच्या बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांची मुलगी दीड वर्ष घराबाहेर पडत नाहीये. माझ्या मुलाचे हात बघून त्यांनी हळूच विचारलं, "रात्री झोपताना किती वेळा उठतो?" बस एवढंच. काय झालंय नाही, कसं झालं नाही, किती वेळा उठतो. मला तिथेच रडू आलं, कारण हा प्रश्न ज्याच्या घरात हे आहे तोच विचारू शकतो.

आता आम्ही पाच घरं आहोत. एक आड एक रविवारी ४ ते ६, एका वाचनालयाची वरची खोली मिळते तिथे जमतो. दोघांच्या मुलांना ओसीडी, एकीला पॅनिक आणि शाळेची भीती, एकाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आणि भयंकर राग, आणि एका घरात १६ वर्षांच्या मुलीला डिप्रेशन. दोन तास बसलो की पुढचे चार दिवस मला बळ पुरतं.

पण तिसऱ्या वेळी एक गोष्ट झाली जी मला खातेय. एकीने सांगितलं की डोस वाढवल्यावर आमच्याकडे खूप फरक पडला. गोळीचं नाव पण सांगितलं. योगायोगाने दुसऱ्या घरात तीच गोळी होती, त्यांनी डॉक्टरांना न विचारता घरीच वाढवली. मुलगी दोन दिवस इतकी अस्वस्थ झाली की रात्री इमर्जन्सीला न्यावं लागलं. आता ठीक आहे. पण त्या ताई परत आल्या नाहीत, आणि गट मी सुरू केला म्हणून मला वाटतंय की हे माझ्यामुळे झालं.

तर ज्यांनी असे गट चालवलेत किंवा त्यात बसलेत त्यांनी सांगा, कसं चालवायचं? नुसतं रडारड होऊ नये, आणि कुणाचं नुकसान तर अजिबात होऊ नये. आणि वडील मंडळी का येत नाहीत?

खाडीपलीकडे
तगर, आधी एक. ते तुमच्यामुळे झालेलं नाही, पण गटाला नियम नव्हता म्हणून झालं, आणि नियम आता करता येतो.

मी ठाण्याचा. मुलगा आता २७ चा, १६ व्या वर्षी स्किझोफ्रेनिया निघाला. नऊ वर्षं पालकांच्या स्वमदत गटात बसतोय. आमच्या भागात आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९० पासून आहे त्यामुळे स्वमदत गट हा शब्द इथे लोकांच्या कानावर तरी असतो, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम आहे. नाशिकहून तुम्ही दोघीतिघी जणी एकदा येऊन अशा एखाद्या गटात नुसत्या बसून जा, वाचून कळत नाही ते दोन तासांत कळेल.

आमच्याकडे पहिल्या दिवशीच सांगतात की गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम या खोलीत उच्चारायचे नाहीत. "गोळीने झोप फार येते, मी काय केलं" हे बोला, पण कुठली आणि किती ते फक्त डॉक्टरांशी. हा नियम कडक पाळा, कुणी चुकून बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, वाईट वाटलं तरी थांबवा.

दुसरं, "तुम्ही असं करायला हवं होतं" हे वाक्य बंद. "मी असं केलं, आमच्याकडे असं झालं" एवढंच. फरक छोटा वाटतो पण ज्या बाईला सासर माहेर शेजार शाळा सगळ्यांनी काय करायला हवं होतं ते सांगून झालंय ती अजून एक सांगणारा ऐकायला रविवारी घरातून निघत नाही.

आणि रडण्याबद्दल. रडू द्या. आपल्याला सवय असते कोण रडलं की लगेच "होईल हो सगळं नीट" म्हणायची, ते आपण आपल्यासाठी म्हणत असतो, कारण समोरच्याचं रडणं आपल्याला झेपत नाही. आमच्याकडे पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि थांबतात. बहुतेक वेळा तो माणूस दोन मिनिटांनी स्वतःच बोलायला लागतो आणि खरं काय ते तेव्हा बाहेर येतं. मी पहिल्या चार बैठकांत एक शब्द बोललो नव्हतो. पाचव्यांदा म्हणालो की मला कधीकधी वाटतं हा जन्मलाच नसता तर बरं झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढलं. खोलीत कुणी दचकलं नाही. एक बाई म्हणाल्या, "मलाही वाटतं." त्या रात्री मी घरी जाऊन मुलाशी पत्ते खेळलो, कित्येक महिन्यांनी.

एकटीने चालवू नका, दोघी तरी चालवा. तुमचा आठवडा वाईट गेलेला असेल तेव्हा दुसरीने धरायचं.

मीरा_जर्सी
खाडीपलीकडे, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरले.

मी न्यू जर्सीत, मुलगी १५, चार वर्षांपासून अँग्झायटी आणि त्यातून खाणं बंद होण्याचे प्रकार. इकडे नामी म्हणून मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मोठी संस्था आहे, ती १९७९ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावातल्या काही कुटुंबांनी उभी केली, ज्यांची मुलं स्किझोफ्रेनियाने आजारी होती आणि ज्यांना डॉक्टर तेव्हा सरळ सांगायचे की आईच्या वागण्यामुळे झालंय. म्हणजे आजचं एवढं मोठं काम मुळात तगरच्या ओपीडीच्या बाकासारख्याच ठिकाणी सुरू झालं. त्यांचा लहान मुलांच्या पालकांसाठी बेसिक्स नावाचा कोर्स आहे, सहा सेशन, फुकट, आणि शिकवणारे सुद्धा पालकच असतात, ट्रेनिंग घेतलेले. मला जे सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की तुम्ही आत्ता जे भोगताय ते दुःख आहे, ज्या मुलीची तुम्ही कल्पना केली होती ती गेल्याचं दुःख, आणि समोर आहे ती मुलगी वेगळी आहे, तिची ओळख करून घ्या.

पण खरं सांगू का, मी इंग्रजीतून सगळं बोलू शकते तरी तिथे माझं अर्धंच बोलणं व्हायचं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर काय सांगायचं, भारतात लग्नाला जायचं तर मुलगी ताटात काही घेणार नाही आणि दहा काकवा आग्रह करणार, हे तिथे कुणाला कसं समजवायचं. मग दोन वर्षांपूर्वी मंडळातल्या अजून दोन मराठी घरांचं असंच आहे हे कळलं, ते पण एकदम आडून आडून कळलं, आता आम्ही तिघी दर बुधवारी फोनवर असतो. तेव्हा तगर, भाषा फार मोठी गोष्ट आहे. मराठीत "जीव नकोसा होतो" म्हणता येणं यातच निम्मा उतारा आहे.

सरळरेषा
सगळ्यांबद्दल आदर ठेवून एक विचारतो. हे सगळं पालकांच्या बाजूने झालं. मुलाचं काय? आपली आई दर पंधरवड्याला दहा लोकांना आपल्या बाथरूमच्या सवयी सांगते हे १३ वर्षांच्या मुलाला कळलं तर त्याला काय वाटेल? आणि इथे तर हजार लोक वाचतात. घरातलं घरात ठेवावं असं जुने लोक म्हणायचे त्यात सगळंच चूक होतं असं नाही. मला स्वतःला लहानपणी तोतरेपणा होता आणि आई प्रत्येक पाहुण्याला त्यावर उपाय विचारायची, ते मी अजून विसरलेलो नाही.

तगर
सरळरेषा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. आज सकाळी मुलाला सांगितलं की मी अशा एका गटात जाते आणि इंटरनेटवर पण नाव न देता लिहिलंय. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हाताचं सांग. प्रश्नांचं पण सांग. पण ते दुसरं सांगू नको." आणि ते दुसरं मी इथे लिहून बसले होते. संपादकांना विनंती करून काढून घेतलंय, वाचलं असेल त्यांनी कृपया विसरून जा.

तुमचे आभार मानते, मनापासून. हे मला कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी गटात पण हेच ठेवणार आहे, की प्रत्येकीने आपल्या मुलाला विचारून यायचं, काय सांगू आणि काय नको.

सरळरेषा
ताई, तुम्ही विचारलंत हेच खूप आहे. माझ्या आईने विचारलं असतं तर मी पण बहुतेक "सांग" म्हणालो असतो.

दोन_चाकी
वडील का येत नाहीत यावर लिहितो, कारण मी दोन वर्षं आलो नव्हतो.

आमची मुलगी सहावीत असताना शाळेच्या गेटवर उलट्या करायला लागली. पोट तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. बायको काऊन्सेलरकडे न्यायला लागली, मी म्हणायचो नाटकं आहेत. एकदा मी तिला उचलून गाडीत घातलं आणि शाळेत सोडून आलो. तिने त्या दिवशी स्वतःच्या हाताला इतकं चावलं की व्रण अजून आहे. तो व्रण मी रोज जेवताना बघतो.

बायको पुण्यात एका पालक गटात जायची, मला चल म्हणायची. मला वाटायचं तिथे जाऊन काय करू, बोलायला काय आहे, आणि बोललो तर ते गाडीचं बोलावं लागेल. मग गटातल्या एकांनी मला फोन केला, बैठकीला या असं म्हणालेच नाहीत, म्हणाले आमच्या मुलाच्या यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे सरकारी अपंगत्वाच्या ओळखपत्राचे, कागद अडकलेत, तुम्हाला ऑनलाईनचं कळतं म्हणे, बघता का. मी गेलो, त्यांच्याबरोबर सिव्हिलच्या तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला रांगेत उभे असताना त्यांनी आपल्या मुलाला पट्ट्याने मारल्याचं सांगितलं, आणि मी गाडीचं सांगितलं. रांगेत. समोरासमोर बसून नसतं जमलं.

तेव्हा तगर ताई, बाप लोकांना बोलायला बोलावू नका, कामाला बोलावा. सतरंज्या घालायच्या आहेत, खोलीचं भाडं भरायचंय, शाळेला पत्र टाईप करायचंय. हात कामात असले की तोंड उघडतं. तुमचे मिस्टर गप्प बसतात म्हणता, ते गप्प बसणं म्हणजे काही वाटत नाही असं धरू नका.

मनोविकार_ओपीडी
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते, नाव देत नाही. कुणाच्याही मुलाबद्दल इथे सल्ला देणार नाही, पण दोनतीन गोष्टी सर्वांना उपयोगी पडतील अशा.

आधी आकड्यांचं, कारण आपलंच मूल असं का हे प्रत्येक आई मला विचारते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत मनाचा आजार आढळला. ६० मुलांचा वर्ग घेतला तर चार मुलं. त्या चार मुलांच्या आया पालकसभेत शेजारी बसतात आणि एकमेकींना काही सांगत नाहीत.

तगर यांनी ६४ वेळा उत्तर दिलं त्याबद्दल. ओसीडीत हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं, आई धीर देते, वडील कुलूप परत तपासतात, आजी ताट परत धुते. प्रेमापोटीच होतं. पण प्रत्येक उत्तराने मुलाची भीती तेवढ्यापुरती उतरते आणि मेंदू शिकतो की उत्तर मिळाल्याशिवाय भीती जातच नाही. म्हणून थेरपीत आम्ही घरच्यांनाही हळूहळू उत्तरं कमी करायला शिकवतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. हे वाचून उद्यापासून एकदम बोलायचं बंद करू नका, मूल घाबरेल, तुम्ही वाईट ठराल. थेरपिस्टबरोबर बसून एकेक पायरी ठरवायची, आणि मुलाला आधी सांगून.

गोळ्यांचं वर आलंच आहे. ओसीडीत गोळीचा पूर्ण गुण यायला दहाबारा आठवडे लागू शकतात, त्यामुळे मधेच धीर सुटतो आणि लोक आपल्या मनाने वाढवतात किंवा बंद करतात. दोन्ही धोक्याचं. सुरुवातीला आणि डोस बदलतो तेव्हा पहिले काही आठवडे मुलांवर जास्त नजर ठेवावी लागते, झोप गेली, बेचैनी वाढली, मरणाचं बोललं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि गटात कुणी सांगितलं की मूल स्वतःला इजा करतंय किंवा जगायचं नाही म्हणतंय, तर ते गटापुरतं ठेवायचं नसतं. त्याच दिवशी डॉक्टर. रात्री अपरात्री काही सुचेना तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून सुरू झालाय, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. मी मुद्दाम सांगते कारण बहुतेकांना वाटतं तो फक्त पेशंटसाठी आहे.

मांजराकाठ
डॉक्टर मॅडम तुमचं पटलं पण आमच्याकडं गट करायचा तर माणसं कुठून आणायची. लातूर जिल्ह्यातलं गाव आहे, मी प्राथमिक शिक्षक, मुलगा माझा ११ वीत. दहावीच्या निकालानंतर बोलायचंच बंद झाला, आंघोळ नाही, जेवण नाही. लोक म्हणाले बाहेरचं आहे. मी शिक्षक असून दोन ठिकाणी नेऊन आलो, लपवत नाही. आईला नाही म्हणता आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी साखळी बघितली, तिथून मुलाला घेऊन सरळ सिव्हिलला गेलो. सिव्हिलला मनाचे डॉक्टर असतात आणि गोळ्या पण मिळतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

तिथं ओळख झालेले आम्ही तीन बाप आहोत, तीन वेगळ्या तालुक्यांतले. भेटणं होत नाही. रात्री साडेनऊला फोन करतो एकमेकांना, ठरवून. बोलायला काही नसलं तरी करतो, "जेवला का?" "जेवला." "गोळी?" "घेतली." झालं. त्यातल्या एकांनी पहिल्याच फोनला मला विचारलं, फवारणीचं औषध कुठं ठेवता? मी म्हणालो घरातच, माळ्यावर. ते म्हणाले उद्या सकाळी उचला. दुसऱ्या दिवशी भावाच्या शेतातल्या कोठीत नेऊन कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडं. दीड महिन्यानं एका रात्री मुलगा माळ्यावर चढला होता. तिथं काही नव्हतं. खाली येऊन आईपाशी बसला आणि रडला.

हे मी आज पहिल्यांदा कुठं लिहितोय.

खाडीपलीकडे
गुरुजी, तुमच्या त्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

मनोविकार_ओपीडी
मांजराकाठ, तुम्ही तिघे जे करताय तो गटच आहे. ज्यांच्या घरात शेती आहे त्या प्रत्येकाने हा प्रतिसाद परत वाचावा. औषधाची बाटली हाताशी नसणं याने जीव वाचतात. घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्यांनाही तेच लागू, कुलपात ठेवा, रोजची एकच मोठ्यांनी हातात द्या. मुलाची तब्येत आता कशी आहे? ती रात्र डॉक्टरांना सांगितली होती ना?

मांजराकाठ
दुसऱ्याच दिवशी नेलं मॅडम. चौदा दिवस ॲडमिट होता, मी सोबत राहिलो. आता बरा आहे, बारावीचं वर्ष नंतर बघू म्हणालोय. सकाळी माझ्याबरोबर दूध घालायला येतो.

धाकटी
मी पालक नाही, लिहू का माहीत नाही, पण लिहिते. माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार), १५ व्या वर्षापासून. मी तेव्हा ११ ची होते. घरात सगळं दादाभोवती फिरायचं आणि ते बरोबरच होतं, पण मला शहाण्यासारखं वागायला लागायचं. मी आजारी पडले तर सांगायचे नाही. सातवीत मला स्कॉलरशिप मिळाली ते आईला तीन आठवड्यांनी कळलं, ते पण शेजारच्या काकूंकडून. मी तिला दोष देत नाही. पण मी आज ३१ ची आहे आणि अजून मला कुणाकडे काही मागता येत नाही.

तुमच्या पाच घरांत दुसरी मुलं असतील. एखाद्या रविवारी त्यांच्याबद्दल बोला. आणि घरी आजार काय आहे ते त्यांना नावासकट सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटायचं मी दादाची सायकल न विचारता घेतली म्हणून तो असा झाला.

म्हापशेकर
धाकटी, बरं केलंस लिहिलंस ते.

गोव्यातून एवढंच सांगतो, आमच्याकडे बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे म्हणून लोक अजूनही दबक्या आवाजात "बांबोळीला नेलं" म्हणतात. पण १९९६ पासून संगात नावाची संस्था पर्वरीतून काम करतेय, त्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून समुपदेशन करायला लावलं आणि ते चालतं हे अभ्यास करून दाखवलं. तेव्हा आपण पालक काय करणार आपल्याला काय कळतं असं कुणी म्हणत असेल तर ते मनातून काढा. शिकून घ्यावं लागतं, पण जमतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांचा सहचरी गट कधीपासून चालू आहे, तिथे पण एकमेकींना धरणाऱ्या बायकाच आहेत.

सुमनआजी
मी ७१ वर्षांची आहे. नातीने टाईप करायला शिकवले आहे, चुका पोटात घाला.

वर डॉक्टर बाईंनी लिहिले की आजी ताट परत धुते. ती मी. नातू म्हणायचा आजी हे ताट घाण आहे, मी दोनदा धुवायचे, तीनदा धुवायचे. सूनबाई म्हणायची आई धुवू नका डॉक्टरांनी नको सांगितलंय, मला राग यायचा, लेकरू उपाशी राहील आणि ही कसली डॉक्टरकी. आमच्यात महिनाभर बोलणे नव्हते. मग सूनबाई मला एकदा त्यांच्या त्या बैठकीला घेऊन गेली. तिथे माझ्यासारखी अजून एक आजी होती. ती म्हणाली मी आता ताट धुवायच्या ऐवजी त्याच्या शेजारी बसते, म्हणते भीती वाटतेय ना, वाटू दे, मी आहे, दहा मिनिटे बसू. मला ते सूनबाईने शंभरदा सांगितले होते. पण माझ्या वयाच्या बाईने सांगितले तेव्हा कानात शिरले.

पहिल्या दिवशी नातू पाऊण तास जेवला नाही. मी शेजारी बसून होते, माझेही हात थरथरत होते. मग त्याने भात कालवला. गार झाला होता, पण खाल्ला.

तगर, तुझ्या सासूबाईंना घेऊन जा हो बैठकीला. आम्हाला घरात कोणी काही समजावून सांगत नाही, नुसते नको करू म्हणतात.

तगर
धागा वर काढतेय, दोन महिने झाले. खूप जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले, सगळ्यांना उत्तरं दिली नाहीत त्याबद्दल माफ करा.

आता आम्ही आठ घरं आहोत. खाडीपलीकडेंचे नियम एका पुठ्ठ्यावर लिहून खोलीत लावलेत, सगळ्यात वर गोळीचं नाव नाही. ज्या ताई येत नव्हत्या त्यांच्या घरी मी आणि दुसऱ्या एक जणी गेलो. त्यांना वाटत होतं आम्ही त्यांना मूर्ख समजत असू. मी त्यांना सांगितलं की त्या रात्री मी तुमच्या जागी असते तर मी पण वाढवली असती. त्या आता परत येतात, आणि चालवायला माझ्याबरोबर त्याच आहेत.

दोन_चाकी, तुमचं ऐकून नवऱ्याला म्हटलं की वाचनालयाच्या खोलीतला पंखा आवाज करतो, बघतोस का. तो गेला, पंखा दुरुस्त केला, आणि चार ते सहा मागच्या खुर्चीत बसून राहिला. काही बोलला नाही. घरी येताना स्कूटरवर म्हणाला, "त्या गायकवाडांचा मुलगा पण आपल्यासारखंच करतो का ग?" (आडनाव बदललंय.) तेव्हापासून तो दर वेळी येतो. सासूबाईंना पुढच्या वेळी नेणार आहे, सुमनआजींचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, त्यांनी तो परत वाचायला लावला.

धाकटी, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तुझं वाचल्यावर तिला जवळ घेऊन आजाराचं नाव सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, "मी दादाच्या कंपासला हात लावला होता म्हणून?"

मुलाचं सांगते, त्याला विचारून लिहितेय. शाळा अजून नाही. थेरपिस्टबरोबर ठरवलंय की एका प्रश्नाला दिवसात पाचदाच उत्तर, मग मी म्हणायचं "हा ओसीडीचा प्रश्न आहे, तुझा नाही." पहिल्या आठवड्यात त्याने दारावर लाथा मारल्या, मी दाराच्या अलीकडे बसून रडत होते, आणि दुसऱ्या ओसीडीवाल्या आईला फोन लावून नुसता चालू ठेवला होता, ती काही न बोलता ऐकत होती. आता तो कधीकधी स्वतःच म्हणतो, आई उत्तर देऊ नको, मी थांबतो. साबणाची वडी काल अकराव्या दिवशी बदलली.

येत्या रविवारी वाचनालय बंद आहे, बैठक आमच्या घरी, चारला. नाशिकचं कुणी यायचं असेल तर व्यनि करा, पत्ता देते. पहिल्यांदा येताना काही बोललं नाही तरी चालेल.